संध्याकाळी सात वाजताचं पुरळ

ताई तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फ्रॉक बदलत होती तेव्हा तिला पोटावर ठिपके दिसले. मसुराच्या डाळीएवढे, सपाट, फिकट गुलाबी. हात फिरवला तर लागत नव्हते आणि पोरगी खाजवतही नव्हती. अंग मात्र तव्यासारखं तापलेलं, थर्मामीटर १०३.५ दाखवत होता. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "पित्त उठलंय गं, आमसूल भिजवून चोळ." चोळलं. सकाळी ठिपके नाहीत, ताप नाही, आणि चार वर्षांची बाई ओट्याखालचा डबा उघडून रव्याचा लाडू खातेय. सगळं श्रेय आमसुलाला गेलं. संध्याकाळी सातला पुन्हा तेच ठिपके, पुन्हा १०३.

हे असं तीन आठवडे चाललं.

दवाखान्याची वेळ सकाळी दहाची. ताई सांगायची, "डॉक्टर, संध्याकाळी अंगभर उठतं हो," आणि डॉक्टर फ्रॉक वर करून बघायचे तर पोट स्वच्छ. पोरगी टेबलावर बसून पाय हलवतेय. तिसऱ्या खेपेला ताईलाच वाटायला लागलं की आपण उगाच बाऊ करतोय.

मी तालुक्याच्या गावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, ट्यूब लावायच्या, रिपोर्ट छापायचे, हे माझं रोजचं. मी डॉक्टर नाही. पण भाचीच्या आजारात जे वाचलं, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना खोदून खोदून जे विचारलं आणि जे माझ्याच हातून चुकलं, ते सोपं करून लिहिते आहे. तुमच्या मुलाला हाच आजार असेल असं मुळीच नाही, बहुतेकांना नसतोच. पण न सापडणारं पुरळ आणि न हटणारा ताप घेऊन एखादं घर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत असेल, तर डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललेलं असतं हे त्या घराला ठाऊक असलेलं बरं.

दिसतं कसं, वागतं कसं

'पुरळ' हा शब्द आपण फार ऐसपैस वापरतो. घामोळं, खरूज, पित्ताच्या गांधी, गोवर, सगळ्याला पुरळच. नुसत्या रंगावरून आणि आकारावरून यातलं काय ते ओळखणं कातडीच्या डॉक्टरांनाही प्रत्येक वेळी जमत नाही. म्हणून ते प्रश्न विचारतात: कधी आलं, कुठून सुरू झालं, किती वेळ राहिलं, खाज आहे का, जाताना डाग ठेवून गेलं का.

पित्ताची गांध फुगीर असते, मरणाची खाजते, आणि एक गांध एका जागी सहसा दिवसभराच्या वर टिकत नाही. इथली बसते, तिथे दुसरी उठते. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत जास्त, आणि घरात बहुधा आणखी कुणीतरी खाजवत असतं. गोवराआधी तीनचार दिवस ताप, सर्दी, लाल डोळे असतात, मग कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ खाली उतरतं आणि काही दिवस मुक्काम करतं. आमच्या ठिपक्यांचं यातल्या कशाशीच जुळत नव्हतं. ते तापाबरोबर चढायचे आणि तापाबरोबर उतरायचे, मागे काही न ठेवता.

दोन गोष्टी मात्र अशा आहेत की तिथे वही-पेन घेऊन बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. पहिली: काचेचा पारदर्शक ग्लास पुरळावर दाबून बघा. साधा लाल ठिपका दाबाखाली फिका पडतो. लालजांभळा ठिपका ग्लासाखालीही तसाच दिसत राहिला तर ते कातडीखाली झिरपलेलं रक्त असतं. ताप आणि असे ठिपके एकत्र असतील तर मेंदूज्वराचा जंतू रक्तात पसरलेला असू शकतो, तिथे तासांचा हिशोब असतो. प्लेटलेट घसरल्या तरी असे ठिपके येतात. (पायांवर आणि कुल्ल्यांवरच असे ठिपके, सोबत पोटदुखी आणि सांधेदुखी, पण पोर तसं बरं, हा वेगळाच आजार, त्यात लघवी तपासत राहावं लागतं.) दुसरी: पाच दिवसांच्या वर ताप, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, हातपाय सुजलेले, आणि लहान बाळ असेल तर दंडावरची बीसीजीची जागा अचानक लाल झालेली. हा कावासाकी. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये तो मांडला. यात हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर तो धोका बराच कमी होतो, म्हणून इथे 'बघू आणखी दोन दिवस' परवडत नाही.

भाचीला यातलं काही नव्हतं. म्हणजे घाई नव्हती, पण उत्तरही नव्हतं.

मी केलेली विडाल

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. सॅम्पल मीच घेतलं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सीआरपी (अंगात दाह, म्हणजे आतली आग, किती ते सांगणारा आकडा) वाढलेला, आणि विडाल पॉझिटिव्ह, १:१६०. मीच ताईला फोन करून म्हटलं, "सापडलं बाई, टायफॉईड आहे."

नव्हता. आणि हे मला कळायला हवं होतं, कारण विडाल मी रोज करते.

विडालमध्ये टायफॉईडचा जंतू दिसत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण दिसतं. आपल्याकडे टायफॉईड इतका सर्रास की आधी कधी तो होऊन गेलेला असतो, कधी लस घेतलेली असते, कधी दुसऱ्याच तापात हे आकडे वर जातात. एकदाच केलेल्या विडालवरून 'टायफॉईड आहे' असं छातीठोक म्हणता येत नाही. खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणं, आणि तेही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेलं. आम्ही आधी सेफिक्झिमचं सिरप सुरू केलं आणि नंतर कल्चर पाठवलं. ते कोरं आलं, आणि त्या कोऱ्या कल्चरचा अर्थ काय लावायचा हे कुणालाच सांगता येईना.

यात आणखी एक फसवणूक होती. ताप रोज सकाळी आपोआपच उतरत होता. त्यामुळे रात्री जे द्याल ते लागू पडल्यासारखं वाटायचं. आधी आमसूल, मग पॅरासिटामॉल, मग सेफिक्झिम. एका रात्री सासूबाईंनी दृष्ट काढली, तीही सकाळी लागू पडली.

मधेच एका दवाखान्यात डेक्साचं इंजेक्शन द्यायची तयारी झाली होती. डेक्सा म्हणजे स्टेरॉईड. ते दिलं असतं तर ताप आणि पुरळ दोन्ही बसले असते आणि आम्ही त्या डॉक्टरांना देव मानलं असतं. सुदैवाने आमच्या बालरोगतज्ज्ञांनी फोनवर अडवलं. त्यांचं कारण मला तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं. लांबलेला ताप, अंग दुखणं, रक्त कमी होणं ही लक्षणं मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही असतात. कर्करोगाच्या त्या पेशी स्टेरॉईडने काही काळ कमी होतात. मग नंतर हाडातली मज्जा तपासली तरी चित्र गढूळ दिसतं आणि निदान हुकू शकतं. निदान होण्याआधी मुलाला स्टेरॉईडचं इंजेक्शन देत असतील तर कशासाठी, एवढं विचारायला हरकत नाही.

कालनिर्णयाच्या चौकटी

ताईकडे स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यातल्या तारखेच्या चौकटीत ती दुधाचा हिशोब लिहिते, १ लि., दीड लि. त्याच चौकटीत तिने ताप लिहायला सुरुवात केली. '७.१५ सं. १०३.४, ठिपके पोट मांड्या. ११ रा. ९९.' हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वही शोधायला वेळ नव्हता, एवढंच.

ते पान तिसऱ्या आठवड्यात मोठ्या शहरातल्या डॉक्टरांपुढे ठेवलं. रिपोर्टांची फाईल त्यांनी नंतर उघडली. पानावर बोट ठेवून त्यांनी सलग बारा दिवस मोजले. रोज एकदाच चढलेला, रोज संध्याकाळीच, आणि रोज पूर्ण उतरलेला ताप. मग त्यांनी विचारलं, "ही मांडी घालून बसते का हो?"

ताई गप्पच झाली. कारण आठवडाभर भाची जेवायला पाटावर बसत नव्हती. पाय लांब करून बसायची, आणि नीट बस म्हणून सगळे तिच्यावर ओरडत होते. सकाळी उठल्यावर कडेवर घे म्हणून हट्ट करायची, तासाभराने धावायला लागायची. जमिनीवरून उठताना तळहात टेकायची नाही, कोपर टेकायची. लहान मूल 'माझा गुडघा दुखतो' असं क्वचितच म्हणतं. ते एखादी गोष्ट करायचं सोडून देतं, आणि घरच्यांना वाटतं लाडावलंय. सकाळी आखडलेलं आणि वापरलं की मोकळं होणारं दुखणं हे सांध्याच्या आतल्या सुजेचं लक्षण असतं. दिवसभर उड्या मारून रात्री पिंढऱ्या दुखतात ते वेगळं.

डॉक्टरांच्या मनात जो आजार आला त्याचं नाव सिस्टेमिक जुवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. इतकं लांब नाव ताईच्या तोंडी कधीच बसलं नाही. जुनं नाव स्टिल्स डिसीज. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरांनी १८९७ मध्ये सांधे सुजलेल्या २२ मुलांचं वर्णन लिहिलं. मोठ्यांच्या संधिवातापेक्षा हे काही वेगळं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना होणाऱ्या संधिवाताचे अनेक प्रकार आहेत. त्यातला हा असा प्रकार की यात सांध्यांआधी सगळं शरीर पेटतं: ताप, पुरळ, सुजलेल्या गाठी, वाढलेलं यकृत किंवा प्लीहा, कधी हृदयाभोवती पाणी. मुलगा-मुलगी भेद फारसा नाही.

जुन्या निकषांत एक अडचण होती. सांधे सहा आठवडे सुजलेले दिसल्याशिवाय संधिवात म्हणायचं नाही असा नियम. पण या प्रकारात सांधे कधी कधी कितीतरी उशिरा धरतात, आणि तोवर मूल अँटिबायोटिकवर अँटिबायोटिक खात बसतं. २०२४ मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी मुलांचा आणि मोठ्यांचा हा आजार एकच मानला, स्टिल्स डिसीज हेच नाव दोघांनाही ठेवलं, आणि सांध्यांची सूज दिसायची वाट बघत निदान अडवू नका असं सांगितलं.

टाकीचा अडकलेला बॉल

आजारात नेमकं बिघडतं काय? शरीराच्या संरक्षणाचे ढोबळमानाने दोन भाग. एक भाग ओळख ठेवणारा: अमुक जंतू आला, त्याच्याविरुद्ध अमुक प्रतिपिंड. दुसरा भाग अडाणी पण तडफदार: काहीही खटकलं की आधी आग लावायची. स्टिल्समध्ये हा दुसरा भाग चालू होतो आणि बंदच होत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरलं की बॉल वर येऊन नळ बंद करतो ना, तो बॉल अडकलाय असं समजा. पाणी वाहतच राहतं. इथे पाण्याच्या जागी आहेत इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१८ नावाची निरोप पोचवणारी प्रथिनं. पहिल्यांदा तो बॉल कशाने अडकतो, याचं उत्तर अजून कुणाकडेच नाही. 'इडिओपॅथिक' म्हणजे तेच, कारण माहीत नसलेलं. भाचीने काही खाल्लं म्हणून झालं नाही, आणि ताईने गरोदरपणात काही खाल्लं म्हणूनही नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ताईला ते नातेवाइकांकडून बरंच ऐकावं लागलं.

लॅबवाली म्हणून मला खरी गंमत पुढे वाटली. भाचीच्या रिपोर्टातला प्रत्येक वाकडा आकडा या एका कारणातून निघत होता.

हिमोग्लोबिन ८.४. म्हणून घरी लोहाचं टॉनिक सुरू होतं आणि हिमोग्लोबिन हलत नव्हतं. कारण शरीरात लोह होतं, पण दाह सुरू असताना शरीर ते कुलपात ठेवतं, रक्त बनवायला देत नाही. बाहेरून टॉनिक ओतून काय होणार! प्लेटलेट ६ लाख ८० हजार, कारण इंटरल्युकिन-६ मज्जेला आणखी बनव, आणखी बनव म्हणून सांगत असतं. इथे डॉक्टरांचा चेहरा जरा सैल झाला, कारण रक्ताच्या कर्करोगात प्लेटलेट सहसा घसरतात. पांढऱ्या पेशी २४ हजार. त्या पाहून कुणालाही जंतुसंसर्गच वाटेल, आम्हालाही वाटला. ईएसआर, तोही दाहाचाच आकडा, ९६. आणि फेरिटिन ३,८००.

फेरिटिन म्हणजे लोह साठवणारं प्रथिन. निरोगी मुलात त्याचा आकडा फार तर शंभर-दीडशेच्या आसपास. लोह कमी आहे का हे बघायला आम्ही ही तपासणी करतो, त्यामुळे कमी आला की काळजी, जास्त आला की बरं, अशी सवय. पण दाहातही फेरिटिन वाढतं, आणि स्टिल्समध्ये हजारांत जातं. हिमोग्लोबिन आठ आणि फेरिटिन चार हजार ही जोडी समोर आली की मशीन बिघडलं म्हणून टेस्ट पुन्हा लावण्याआधी डॉक्टरांना फोन करावा, हे मी आता आमच्याकडच्या नव्या मुलींना सांगते.

आरए फॅक्टर आणि एएनए या संधिवातासाठी बघतात त्या दोन्ही रक्ततपासण्या निगेटिव्ह होत्या. 'संधिवाताची टेस्ट निगेटिव्ह आहे, मग संधिवात कसा?' हा प्रश्न भावजींनी मला तीन वेळा विचारला. या आजारात त्या दोन्ही बहुधा निगेटिव्हच असतात. आणि उलटही: एएनए कमी प्रमाणात पॉझिटिव्ह असलेली धडधाकट मुलं भरपूर आहेत. नुसता तो कागद बघून इंटरनेटवर ल्युपस नावाचा आजार शोधत रात्र जागवू नका.

स्टिल्स ठरवणारी एकही टेस्ट नाही. हे ऐकून घरच्यांची चिडचिड होते, आमचीही झाली. दवाखान्यात दहा दिवसांत कल्चर पुन्हा झाली, क्षयाची तपासणी झाली, मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस झाले, पोटाची सोनोग्राफी, हृदयाची टूडी इको, आणि शेवटी मज्जेची तपासणी. कच्चं दूध पिते का, घरात कुणाला खोकला आहे का, गोचीड चावली का, असले प्रश्न. ताई म्हणाली, "हे नुसतंच 'नाही नाही' म्हणत चाललेत." तेच तर काम होतं. जे निश्चितपणे नाही ते एकेक बाजूला काढल्यावर उरतं ते निदान. मज्जेच्या तपासणीला मी सगळ्यात जास्त घाबरले होते. भूल देऊन केली, पाऊण तासात पोरगी पार्लेजी मागत होती.

पेनाच्या टोपणाची रेघ

पुस्तकांत या पुरळाचा रंग सॅमन माशासारखा लिहिलेला असतो. आपल्यातल्या किती जणांनी सॅमन पाहिलाय? रावसाला इंडियन सॅमन म्हणतात खरं, पण त्याचं मांस त्या रंगाचं नसतं. मुळात हा रंग गोऱ्या कातडीवर दिसणारा आहे. सावळ्या अंगावर गुलाबी काही दिसतच नाही. दिसतो तो जरासा गडद, ठिपक्या-ठिपक्यांचा भाग, तोही उजेड तिरपा पडला तर. भाची गव्हाळ आहे म्हणून ताईला किमान पुरळ दिसलं तरी. मूल सावळं असेल तर काखेजवळ, दंडाच्या आतल्या बाजूला, पोटावर आणि मांड्यांवर शोधा. तापात कोमट पाण्याने अंग पुसलं की ते कधी कधी ठळक होतं.

वॉर्डात दुसऱ्या संध्याकाळी साडेसातला ताप चढला. सिस्टरनी सांगून ठेवल्याप्रमाणे निवासी डॉक्टरला फोन केला. तो जेवण टाकून आला, हातही धुतलेला नव्हता की काय कोण जाणे. वय पंचविशीतलं. त्याने पाठ बघितली, ठिपके बघितले, आणि पेनाचं टोपण घेऊन पाठीवर हलकेच एक रेघ ओढली. आम्ही बघत राहिलो. काही मिनिटांत त्या रेघेवर ठिपक्यांची ओळ उमटली. "दिसलं का ताई," तो म्हणाला, "जिथे घासलं जातं तिथे हे उठतं." म्हणून तर ते चड्डीच्या इलॅस्टिकच्या जागी जास्त असायचं. ताईने ते कधीच पाहिलं होतं. आम्ही 'इलॅस्टिक टोचतंय' म्हणून चड्ड्या बदलल्या होत्या.

प्रत्येकाला वॉर्डातली संध्याकाळ मिळणार नाही, म्हणून फोन. पण फोटो काढताना ब्युटी मोड बंद करा. ताईचे पहिले अकरा फोटो त्याच्यापायी वाया गेले. फोनने पोरीची कातडी इतकी गुळगुळीत करून दिली होती की पुरळ पुसलं गेलं. एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं. सकाळी उठल्या-उठल्या मूल चालतं कसं याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ. औषध देण्याआधी ताप मोजा, मग औषध द्या, आणि दोन्हीची वेळ लिहा. ताप 'पूर्ण दिसावा' म्हणून मुलाला औषधावाचून ठेवू मात्र नका. आणि मोठ्यांची अ‍ॅस्पिरिन मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर 'सारखा ताप येतो' एवढंच बोललो की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'बारा दिवस, रोज संध्याकाळी सातच्या पुढे, १०३ च्या वर, सकाळी ९८, ठिपके फक्त तापात, हे फोटो, आणि आठ दिवस मांडी घालत नाही' हे म्हणायला अर्धं मिनिट लागतं. आधीचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावलेले असावेत, नुसते नॉर्मल नसलेले नव्हेत. मुलांचा संधिवात बघणारे डॉक्टर कमी आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. आपल्या बालरोगतज्ज्ञांना 'हा दाहाचा आजार असू शकेल का, कुणाला दाखवू का?' असं सरळ विचारलं तर कुणी रागावत नाही. आमचे तर सुटल्यासारखे झाले होते.

ईएसआर उतरला तर

एक धोका ठाऊक असायलाच हवा. या आजारातली काही मुलं अचानक एका भयंकर वळणावर जातात. मॅक्रोफेज अ‍ॅक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात त्याला. संरक्षक पेशी पिसाळून स्वतःच्याच रक्तपेशी गिळायला लागतात. रोज उतरणारा ताप उतरायचा थांबतो, मूल सुस्त पडतं किंवा बरळतं, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर काळेनिळे डाग पडतात. आणि त्याच दिवशी ईएसआरचा रिपोर्ट सुधारलेला येतो.

हे कसं? ईएसआरमध्ये आम्ही काय करतो, तर रक्त उभ्या नळीत ठेवतो आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघतो. फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त असेल तर पेशी एकमेकींना चिकटून पटापट बसतात. या वळणावर फायब्रिनोजेन संपत जातं, म्हणून पेशी हळू बसतात, म्हणून आकडा ९६ वरून २० वर येतो. प्लेटलेट सहा लाखांवरून दीड लाखावर येतात आणि कागदावर त्या 'नॉर्मल रेंज'मध्ये छापल्या जातात, तारांकनही नसतं. फेरिटिन तेवढं दहा-वीस हजारांकडे धावत असतं. घरच्यांना वाटतं पोर सुधारतंय. अशा वेळी मुलाकडे बघायचं आणि थेट इमर्जन्सीला जायचं, रात्र असली तरी.

भाचीवर ती वेळ आली नाही.

तिला आधी नॅप्रॉक्सेन हे सूज उतरवणारं औषध, मग थोडे महिने स्टेरॉईड, आणि आता दर पंधरा दिवसांनी टोसिलिझुमॅबचं सलाईन. हे नाव ओळखीचं वाटेल. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये कोविडसाठी लोक याच्याच मागे रात्ररात्र फिरत होते. ते इंटरल्युकिन-६ चा निरोप अडवतं. मुलांच्या या आजारासाठी अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. महाग आहे. सुरू करण्याआधी क्षय नाही ना ते तपासतात, आणि लसींचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून बदलावं लागतं. स्टेरॉईड कधीही स्वतःच्या मनाने एकदम थांबवायचं नाही, डॉक्टर उतरंडीने कमी करतात. काही मुलांत हा आजार एकदाच येऊन जातो, काहींत फिरून फिरून येतो, काहींत ताप जातो आणि सांधे धरून राहतो. भाची यातल्या कुठल्या गटात, हे अजून ठरायचंय.

गेल्या महिन्यात तिला खोकला झाला. मी सीआरपी केला, ०.६ आला, आणि ताईला 'काही नाही गं' म्हणणार होते. मग आठवलं. सीआरपी यकृत बनवतं ते इंटरल्युकिन-६ च्या सांगण्यावरून, आणि तो निरोप तर आपण औषधाने तोडलाय. न्यूमोनिया असता तरी ०.६ येऊ शकला असता. छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो साफ होता. पण विडालच्या वेळी जे केलं नव्हतं ते या वेळी केलं: रिपोर्ट ताईला वाचून दाखवण्याआधी डॉक्टरांना फोन लावला.